बिघाड नसतानाही आपली मोटरसायकल आपणच उघडावीशी का वाटते?

जुनेपाने (मूळ लेख)

गेल्या सुटीच्या दिवशी सकाळी मी माझ्या मोटरसायकलचे टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि ते उघडणारा भाग यांच्यातली बारीक फट, तपासायला बसलो. गाडी नीट चालत होती, पहिल्या प्रयत्नात सुरू होत होती आणि इंजिनाच्या आवाजातही काही वावगे नव्हते. तरीही मी टाकी उतरवली, व्हॉल्व्हवरची झाकणे काढली, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवत मॅग्नेटवरची खूण खिडकीत आणली आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याची, पातळ पाती एकामागून एक सरकवून पाहिली. हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हचे अंतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे होते, जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टचे मात्र थोडे कमी झाले होते. ते योग्य मापावर आणून सगळे जागच्या जागी बसवेपर्यंत दुपार झाली. घरात मला विचारले गेले की, गाडी बिघडली नव्हती तर उघडली कशाला? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पैसे वाचतात, हे उत्तर बहुतेक जण सर्वांत आधी देतात. ते मला पटत नाही. चांगले पाने, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), फीलर गेज, गाडी उभी धरणारा स्टँड आणि चुकून तुटलेले सुटे भाग यांचा हिशेब मांडला, तर बचत व्हायला बरीच वर्षे लागतात. शिवाय ज्यांना बचतच करायची असते, ते बिघाड झाल्यावर गाडी उघडतात, चांगल्या चालणाऱ्या गाडीचे टॅपेट तपासत बसत नाहीत.

माझ्या मते खरे कारण त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशीच आहे. टॅपेटचे अंतर अनेक लहान इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीला लागून असते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो आणि व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्यासाठी थंड इंजिनात ही फट ठेवावी लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळलेला वायू जात असल्याने तो अधिक तापतो, आणि म्हणून बहुधा त्याची फट इनलेटपेक्षा जास्त ठेवतात. ही फट नाहीशी झाली, तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. आपली बरीचशी उष्णता तो या बैठकीलाच देत असतो, त्यामुळे टेकणे बंद झाले की त्याची कड जळू लागते आणि दाबही गळू लागतो. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, टॅपेट सैल असेल तर ते टकटक वाजते, पण घट्ट झाले असेल तर आवाज उलट कमी होतो. नुकसानीकडे निघालेले इंजिन अधिक शांत वाटते आणि मालक त्या शांततेवर खूश असतो. मी त्या दिवशी पाते सरकवले नसते, तर हे मला कानाने कधीच कळले नसते. ते कळले त्या क्षणी जे वाटले, त्याला आनंद याहून वेगळा शब्द मला सापडत नाही.

हे मोटरसायकलच्याच बाबतीत इतके तीव्र का होते, याचाही विचार केला. मोटारीचे इंजिन झाकणाखाली असते आणि आपण त्याच्यापासून दूर, बंद खोलीत बसावे तसे बसतो. मोटरसायकलचे इंजिन दोन गुडघ्यांच्या मध्ये असते. त्याची थरथर पायपट्टीतून तळव्यांना आणि हँडलमधून बोटांना कळते, आणि त्याची उष्णता पोटऱ्यांना जाणवते. मूठ पिळल्यापासून मागचे चाक फिरेपर्यंतचे बहुतेक दुवे डोळ्यांसमोर असतात आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक भाग एकट्या माणसाला उचलता येईल इतका असतो. ते यंत्र एका माणसाच्या आवाक्यात बसते, आणि म्हणूनच ते आपल्याला समजू शकेल असा विश्वास वाटतो.

आपल्याला हे काम आवडत असेल तर का, आणि आवडत नसेल तर का नाही, हे मोकळेपणाने लिहावे. मला दोन्ही उत्तरे हवी आहेत.

शांतरस्ता

जुनेपाने, लेख आवडला, पण मी दुसऱ्या पक्षातला आहे. मी पुष्कळ गाडी चालवतो आणि माझ्यासाठी ती रस्त्यावर असतानाच मोटरसायकल असते. अर्धा दिवस तिच्यापाशी पाने घेऊन बसलो, तर तेवढा प्रवास बुडाला असेच मला वाटते. जो मेकॅनिक आठवड्यात त्याच प्रकारची अनेक इंजिने उघडतो, त्याच्या हाताला जे कळते ते वर्षातून दोनदा पाना धरणाऱ्याला कसे कळणार?

एक शंकाही आहे. दर वेळी झाकण उघडले की जोडातली गास्केटची पट्टी खराब होते, स्क्रूचे डोके झिजते, आटे थोडे थोडे घासतात. चांगले चाललेले यंत्र वारंवार उघडणारे लोक बिघाड शोधत नसून निर्माण करत असतात, असे मी आजूबाजूला पाहिले आहे.

मुक्तचाक

शांतरस्ता यांचा मुद्दा योग्य आहे, पण अनुभवी हातापाशीही नेहमी पुरेसा वेळ असतो असे नाही. माझा अनुभव सांगते.

माझी गाडी अर्धा तास उत्तम चालायची आणि मग मिसिंग करत बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू व्हायची. गॅरेजमध्ये दोनदा दिली. पहिल्यांदा प्लग बदलला गेला, दुसऱ्यांदा हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर साफ झाला, आणि दोन्ही वेळा गाडी पाच मिनिटे चालवून ‘आता ठीक आहे’ असे सांगण्यात आले. पाच मिनिटांत ती ठीकच असायची! त्यांची चूक काढण्याचा माझा हेतू नाही, कारण अर्धा तास गाडी चालवून पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. मला ते शक्य होते.

मी कागदावर दोन शक्यता लिहिल्या. इग्निशन कॉइल तापल्यावर ठिणगी देईनाशी होत असेल, किंवा पेट्रोल पोहोचत नसेल. दोन्हींचे लक्षण बाहेरून एकसारखेच दिसते. म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडताच, ती थंड होऊ न देता, मी प्लग काढून जवळ ठेवलेल्या दुसऱ्या प्लगला टोपी लावली, तो पेट्रोलपासून लांब इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी आणि स्वच्छ होती. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला, तर त्यातून थेंबभर पेट्रोल आले आणि थांबले. टाकी अर्धी भरलेली होती. शेवटी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा हवा आत ओढली गेल्याचा स्पष्ट आवाज आला आणि नळीतून पेट्रोल वाहू लागले. झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले होते. पेट्रोल जसे खाली उतरे तशी टाकीत पोकळी तयार होई आणि पुढचे पेट्रोल अडून राही. थांबल्यावर हवा कशीबशी झिरपून आत जाई, म्हणून गाडी पुन्हा सुरू होई.

बारीक तारेने ते छिद्र मोकळे करायला एक मिनिट लागले. त्या एका मिनिटाचा मला फारसा आनंद झाला नाही. पण रस्त्याच्या कडेला उभी असताना तो हवेचा आवाज ऐकला आणि तीन आठवड्यांचे सगळे वागणे एकदम उलगडले, तो क्षण मी विसरलेले नाही. दुरुस्तीपेक्षा निदानातच गोडी आहे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

शांतरस्ता

मुक्तचाक, निदान उत्कृष्ट होते यात शंका नाही. मात्र ते गरजेपोटी झाले. जुनेपाने यांचा प्रश्न गरज नसतानाच्या कामाबद्दल होता, आणि त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

जुनेपाने

आपण बरोबर नेमके बोट ठेवलेत. मला वाटते की गरज नसताना केलेले काम हा त्या निदानाचाच सराव असतो. निरोगी गाडीची चेन, निरोगी प्लगचा रंग, निरोगी क्लचचा प्ले (मोकळी चाल) कसा असतो हे ज्याने अनेकदा पाहिले आहे, त्यालाच बिघडलेला भाग वेगळा ओळखू येतो. प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढुरका असेल तर हवा जास्त, हे कोणत्याही पुस्तिकेत वाचता येते. पण आपल्या गाडीचा नेहमीचा तपकिरी कोणता, हे तो प्लग चार वेळा काढल्याशिवाय कळत नाही.

मानसशास्त्राच्या बाजूनेही थोडे वाचले. मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९७५ पासून ज्या तल्लीनतेचा अभ्यास मांडला, तिला पोषक अशा परिस्थिती त्यांनी सांगितल्या आहेत. ध्येय स्पष्ट असावे, केलेल्या कृतीचे फळ लगेच दिसावे आणि आव्हान आपल्या कौशल्याच्या जरासे पुढे असावे. कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवला की इंजिन त्याच क्षणी आवाज बदलून उत्तर देते. याहून लगेच फळ दुसऱ्या कोणत्या कामात मिळते? नॉर्टन, मोचॉन आणि अॅरिएली या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही माहितीचा आहे. स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस अधिक मोल देतो, असे त्यांना दिसले, मात्र जोडणी अर्धवट राहिली की हा परिणाम नाहीसा होतो. जमिनीवर सुटे पडलेले इंजिन पाहून ज्याचा धीर खचला आहे, त्याला हे प्रयोगाविनाही पटेल.

तरी या दोन्ही स्पष्टीकरणांनी माझे पूर्ण समाधान होत नाही. तल्लीनता शब्दकोड्यातही मिळते आणि जोडल्याचा अभिमान कपाटाचाही वाटतो. पण त्या कपाटावर बसून कोणी वळणावर झुकत नाही. मी घट्ट केलेल्या बोल्टवर दुसऱ्या दिवशी माझा जीव अवलंबून असतो, आणि हे माहीत असल्यामुळे हाताला एक वेगळे गांभीर्य येते.

तिसरागिअर

आतापर्यंतची सगळी चर्चा गाडी मूळ मापावर ठेवण्याबद्दल झाली. गाडी जशी आहे तशी न ठेवता आपल्याला हवी तशी करणारेही असतात, आणि त्यांची ओढ मला अधिक खोल वाटते.

न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९२० मध्ये एक इंडियन स्काउट मोटरसायकल घेतली. तिचे इंजिन सुमारे ६०० सीसीचे होते आणि मूळ वेग ताशी ९० किलोमीटरांच्या आसपास होता. पुढची कित्येक दशके त्यांनी त्याच इंजिनावर काम केले. पिस्टन स्वतः ओतले, सिलिंडर आणि कनेक्टिंग रॉड स्वतः घडवले आणि इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवले. १९६७ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर त्यांनी १००० सीसीखालील गटात ताशी २९० किलोमीटरांहून अधिक वेगाचा विक्रम केला. नवी, वेगवान गाडी घेणे केव्हाही सोपे होते. त्यांना वेग हवा होता, पण तो याच यंत्रातून हवा होता.

सामान्य माणसांनीही हेच केले. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या इंग्लंडमधील तरुण कॅफे रेसर, म्हणजे वेगासाठी बदललेल्या, गाड्या बांधत, तेव्हा ट्रायम्फ कंपनीचे दोन सिलिंडरचे इंजिन नॉर्टन कंपनीच्या ‘फेदरबेड’ नावाच्या चौकटीत बसवून ‘ट्रायटन’ तयार करत, कारण एकाचे इंजिन चांगले मानले जाई आणि दुसऱ्याची चौकट. कारखान्याने जे एकत्र केले नाही, ते त्यांनी आपल्या हाताने एकत्र केले.

अर्थात बदल करताना त्याची साखळी समजावी लागते. सायलेन्सर मोकळा केला आणि एअर फिल्टर बदलला की इंजिनात हवा वाढते. मग कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा केला नाही, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, प्लग पांढरा होतो आणि इंजिन तापते. नुसता आवाज वाढवून थांबणाऱ्यांना मी यंत्रात रमणारे म्हणणार नाही. एका बदलाने पुढचे तीन प्रश्न उभे राहतात आणि ते सोडवत बसावेसे वाटते, तिथून पुढे हा छंद सुरू होतो.

वंगण

शांतरस्ता यांच्या शंकेला माझ्या अनुभवातून दुजोरा देतो, आणि तरीही निष्कर्ष वेगळा काढतो.

पहिल्या वर्षी ऑइल बदलताना मी खालचा ड्रेन बोल्ट ‘पुन्हा गळायला नको’ म्हणून जोर लावून आवळला. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचे आवरण अॅल्युमिनियमचे. हाताला आधी ताण वाढत गेल्याचे जाणवले, मग अचानक तो ताण मऊ झाला. आटे गेले होते. पुढे मोठ्या मापाचे छिद्र पाडून त्यात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवून घ्यावे लागले, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घेतले. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, कारण ज्या यंत्राची काळजी घ्यायला बसलो होतो त्यालाच मी इजा केली होती.

पण बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा काम करतो, त्याची पकड त्या ताणातून येते आणि त्या ताणाला मर्यादा असते, हे मी तेव्हा समजून घेतले. आता टॉर्क रेंच वापरतो. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच टॉर्क लागतो, आणि तो दोन बोटांच्या जोरात बसतो, हे पाहून पहिल्यांदा आश्चर्य वाटले होते. तसेच अनेक जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू दिसायला नेहमीसारखे असले तरी त्यांची खाच वेगळ्या मापाची असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यातून निसटतो आणि डोके खातो. शांतरस्ता यांनी पाहिलेले झिजलेले स्क्रू बहुतेक याच कारणाने झिजले असतील. दोष गाडी उघडण्यात नसून चुकीच्या अवजारात असतो.

एक विनंती मात्र सर्वांना आहे. ब्रेकच्या बाबतीत हौस मागे ठेवावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्या स्थितीत तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी मानकात बसतो. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. हे काम स्वतः करायला हरकत नाही, पण पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावे, आणि लिव्हर दाबल्यावर तो स्पंजासारखा मऊ लागत असेल, तर गाडी हलवूही नये.

पहिलीकिक

मी हे सगळे आदराने आणि थोड्या खंतीने वाचत आहे. माझी गाडी नवी आहे. तिला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. मिश्रण किती ठेवायचे ते ऑक्सिजन सेन्सरवरून तिचा संगणक ठरवतो. टॅपेटला स्क्रू नाही, शिम आहेत, म्हणजे अंतर बदलायचे तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट उतरवून वेगळ्या जाडीची चकती घालावी लागते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, हे मी वाचून जाणतो, पण ते प्रमाण हाताने जुळवण्याचा आपल्याला मिळालेला अनुभव मला मिळणार नाही. माझ्या पिढीसाठी काय उरले आहे?

मुक्तचाक

पहिलीकिक, उरलेले पुष्कळ आहे. चेन, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके), चाकांची बेअरिंग, क्लच केबल, पुढच्या फोर्कचे ऑइल आणि सील, बॅटरीची टोके, वायरिंगचे कनेक्टर, हे सगळे जसेच्या तसे आहे. संगणकही शत्रू नव्हे. दोषाचा दिवा लागला की तो एक संकेतांक देतो, पण ‘सेन्सरचा सिग्नल कमी’ एवढे वाचून लोक सेन्सर बदलतात आणि दोष तसाच राहतो. सेन्सर खराब आहे, की त्याच्या वायरचा कनेक्टर गंजला आहे, की एक्झॉस्टच्या जोडाला भेग पडून बाहेरची हवा आत जात असल्याने सेन्सर खरेच बोलतो आहे, हे मल्टिमीटर घेऊन आपल्यालाच शोधावे लागते. माझ्या टाकीच्या झाकणाचाच हा पुढचा धडा समजा. वीजेवरच्या मोटरसायकलींतही हे संपणार नाही, फक्त तिथे उच्च दाबाच्या वायरींना प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये.

शांतरस्ता

काल संध्याकाळी, या धाग्यामुळेच, मी प्रथमच माझ्या गाडीच्या चेनचा ढिलेपणा पट्टीने मोजला. पुस्तिकेत २० ते ३० मिलिमीटर सांगितले आहे. मी मोजले तेव्हा २८ भरले, म्हणून समाधानाने उठणार होतो. मग सहज चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजले, तर १४ भरले. पुन्हा फिरवल्यावर २८. माझी पट्टी चुकते आहे की चेन? एवढ्यासाठी गॅरेजमध्ये जावे का, की हे मला कळू शकेल? विचारायचे कारण असे की, रात्री झोपताना मी त्याच आकड्यांचा विचार करत होतो.

जुनेपाने

शांतरस्ता, आपली पट्टी बरोबर आहे. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, आणि स्प्रॉकेट मध्यापासून किंचित सरकून बसले असेल किंवा काही कड्या आखडल्या असतील, तरीही असा फरक दिसतो. एकाच जागी मोजून उठला असतात तर हा दोष कळला नसता.

ढिलेपणा नेहमी सर्वांत घट्ट जागी मोजून ठेवावा. मागचे चाक धरणारा स्विंग आर्म वर उचलला जातो, तेव्हा पुढचे स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा सांधा आणि मागचा अक्ष एका रेषेत येतात आणि दोन स्प्रॉकेटमधले अंतर सर्वाधिक होते. त्या क्षणी चेनला मोकळीक नसेल, तर खड्ड्यात चाक आदळताच सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. म्हणून १४ ही जागा तशीच ठेवून गाडी चालवू नये.

आज एवढे करावे. इंजिन बंद ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये मुख्य स्टँडवर घ्यावी, चेन स्वच्छ करावी, आणि चाक हाताने सावकाश फिरवत प्रत्येक कडी पुढच्या स्प्रॉकेटवरून सुटताना सरळ होते का ते पाहावे. वाकलेलीच राहणारी कडी दिसली तर तिच्यावर खडूने खूण करावी. मग मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या टोकाशी चेन मागे ओढून पाहावी; दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर चेन ताणली गेली आहे, आणि ती बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदलावी लागतील. दातांची टोके एका बाजूला झुकून अणकुचीदार झाली आहेत का, तेही पाहावे.

खूण किती कड्यांवर पडली आणि चेन दातापासून किती सुटते, ते उद्या इथे लिहावे. त्यावरून नुसते वंगण पुरेल की नवी चेन घालावी लागेल, हे ठरवता येईल.